कुसुमअक्कांची लाल अक्षरं

पाच स्वर, सागाचे, लाल. एकवीस व्यंजनं, निळी. ai, ee, oa या तीन जोड्या, प्रत्येक जोडी एकाच फळीतून कापलेली. उंची तीन इंच, जाडी पाऊण, कडा गोल. सगळं माझ्या हातचं.

ज्यांच्यासाठी केलं, त्या कुसुमअक्का आज सकाळी गेल्या.

सर्जापूर रोडच्या आमच्या गल्लीत अक्का घरच्या व्हरांड्यात लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायच्या. मूळच्या निपाणीकडच्या, बोलण्यात मधूनच कानडी शब्द.

मी सातवी पास. सुतारकाम कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. हे मी अभिमानानेच सांगतो.

माझी मुक्ता तेव्हा सहा वर्षांची. शाळेने सांगितलं, reading येत नाही, पहिलीत घेणार नाही.

ABCD घडाघडा म्हणायची. पण cat समोर ठेवलं की गप्प.

अक्कांनी विचारलं, "काय रे शंकर, हिला घरी काय म्हणता?"

"चिमी."

"आणि शाळेत मुक्ता. अक्षरांचंही तसंच. 'ए' हे शाळेतलं नाव. cat मध्ये त्याला घरच्या नावाने हाक मारायची, 'ॲ'. तुझ्या पोरीला नुसती शाळेतली नावं पाठ आहेत. हातात धरता येतील अशी अक्षरं करून दे."

करून दिली. जोड्यांची फळी एकच, ही अक्कांची अट. "दोघं मिळून एकच आवाज काढतात ना? मग त्यांना तोडायचं नाही."

मुलं अक्षरावर बोट फिरवायची आणि आवाज काढायची. तीन महिन्यांत मुक्ता pin, pen, pan वेगवेगळं वाचायला लागली. शाळा पुन्हा परीक्षा घ्यायला तयार झाली.

मग मी नको तो शहाणपणा केला.

दसऱ्याच्या सुट्टीत सगळी अक्षरं माझ्या सुतारकामाच्या दुकानात आणली. रंग उडालेला, कोपरे चावलेले. माझं काम मला तसं बघवेना. पॉलिश पेपर मारला, रंगाचे दोन हात दिले. चकाचक.

सुट्टीनंतर मुक्तापुढे pin ठेवलं. तिने i उलटासुलटा करून बघितला.

"आप्पा, माझा i कुठाय?"

"हा काय."

"हा नाही. माझ्या i वर दात होते."

पोर आवाज ओळखायची ती त्या खुणांवरून. i वर दात, e वर चीर. मी सगळं घासून साफ केलं होतं.

परीक्षेला पंधरा दिवस. मी अक्कांच्या पायरीवर डोकं धरून बसलो.

अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब. रडतोस काय? खिळे आण."

प्रत्येक मुलाच्या हातात एक खिळा. जो स्वर अवघड जातो, त्याचा आवाज काढत त्यावर आपली खूण करायची.

माझ्या डोळ्यांदेखत माझा रंग ओरबाडला गेला. कुणीतरी u वर कोळी काढला.

"अक्का, निदान रेघ तरी सरळ..."

"शंकर, गप बस. सरळ रेघ तुझी खूण आहे, त्यांची नाही."

मुक्ताने खिळा घेतलाच नाही. i उचलला आणि कचकन चावला.

(रंग बिनविषारी होता. डब्यावरचं वाचून घेतला होता.)

अक्का एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "सरी, बरोबर! आता म्हण."

"इ."

शाळेत तिने अख्खं पान वाचलं. boat ला अडली, बाकावर बोटाने ती जोडी गिरवली, आणि वाचलं. बाईंना कळलंच नाही ही काय करतेय. मला दारातून कळलं.

आता आठवीत आहे. आज अक्कांच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली.

या, अक्का. तुमच्या शंकरचा शेवटचा नमस्कार.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मागच्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात होता, तेव्हा कोरमंगलाच्या एका play school चा माणूस दुकानात आला होता. अशाच अक्षरांचे चारशे संच हवे होते. मशीनवर कापलेले, वर coating, "ओरखडासुद्धा उठता कामा नये" असे.

सहा लाख देत होता.

मी नाही म्हणालो.