चाची एका दमात बोलली

आधीच सांगून टाकते — उतारा, नजर, लिंबू-मिरची, यातलं मी काही मानत नाही. नर्स आहे मी. अर्धं आयुष्य दमेकऱ्यांच्या उशाशी गेलंय. कितीतरी जण डोळ्यांदेखत गेले... एकही परत आलेला नाही, साधं 'बरं केलंत हो' म्हणायलासुद्धा नाही! त्यामुळे असले अनुभव वाचले की मी हसायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणायचे. आता नाही हसत.

गेल्या थंडीत कडेगावला हमीदाचाचींकडे मी घरी जाऊन नर्सिंग करत होते. घर पिंजाऱ्यांचं. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या. पुढच्या खोलीत पिंजायचं मशीन आणि मागच्या खोलीत संसार. चाचीनं जन्मभर तो कापूस नाकातोंडात घेतला, वर चुलीचा धूर. फुप्फुसांच्या पार चिंध्या झालेल्या. दोन शब्द बोलली की थांबायची, खांदे उचलून श्वास ओढायची, मग पुढचे दोन. "सिस्टर... च्या... घ्या की," एवढ्यालासुद्धा दमायची.

पण बाई खट्याळ! निदान एक वाक्य न थांबता बोलता यावं म्हणून ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, असा एक व्यायाम असतो. तो मी शिकवायला लागले की म्हणायची, "ह्या वयात... मुका... कुणाला देऊ?" मग दोघी हसायचो, आणि हसण्यानंच तिला धाप लागायची. मग मी रागवायचे.

तिचा मुलगा सलीम. त्याच्याशी तर रोजचं भांडण. अशा पेशंटला ऑक्सिजन कमीच ठेवायचा असतो, हे शंभरदा सांगून झालं. तरी आईला धाप लागली की हा गुपचूप वाढवून ठेवायचा. "जास्ती दिला तर बरंच हाय की सिस्टर!" कपाळ माझं! अहो, जास्त झाला की ती उलट गुंगीत जायची. एक मात्र त्यानं ऐकलं. माझ्या आरडाओरड्यानं मशीन बंद केलं, पट्टा काढला, वर ताडपत्री टाकली, आणि पिंजण्याचं काम मित्राच्या शेडमध्ये नेलं. हे लक्षात ठेवा.

चाचीची लेक शबाना, मेढ्याला दिलेली. तिलाही लहानपणापासून दमा. कापूस उडायला लागला की तिला त्या घरात पाऊल टाकता यायचं नाही. वर्षभर ती माहेरी आली नव्हती, चाचीच येऊ देत नव्हती.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." दवाखान्यात जायला चाचीनं आधीच नकार दिला होता. मी तिच्याच मोबाईलवरून शबानाला फोन लावला. "मशीन कधीच बंद झालंय, खुशाल या. पण आजच या." फोन कोनाड्यात ठेवला आणि चाचीला सांगितलं. मास्कच्या आतून ती एवढंच बोलली, "शबाना... येतीय?"

ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅपचा मास्क मी घट्ट बसवला, तो काढलाच नाही. मी तिचा हात धरून बसलेले, सलीम पायाशी, कोनाडा माझ्या डोक्यावर. लख्ख दुपार. चाची दाराकडं बघत होती. मधूनच भुवया उडवून विचारायची, कुठवर आली? मी म्हणायचे, "उंब्रज सोडलं असेल चाची. आता कराड, की मग आलीच."

शबाना आली नाही. सलीमच्या मोबाईलवरून तिचा फोन लागेना. सलीम दहादा रस्त्यावर जाऊन आला. दिवस मावळायला चाची गेली, दाराकडं बघतच. तिचे डोळे मला मिटावे लागले.

फोन लागला तेव्हा शबाना मेढ्याला, स्वतःच्या घरी, भाकऱ्या थापत होती! रात्री नवऱ्याबरोबर आली ती थेट माझ्या अंगावर.

"अम्मीला फोन का करू दिला तुमी?"

"कुठला फोन?"

"मी उंब्रजला गाडीची वाट बघत हुते, तवा आला की! 'शबे, येऊ नगंस. सलीमनं मशीन परत चालू केलंय, कापूस उडतोय, तुझ्या छातीला सोसायचं न्हाई. मी बरी हाय. सिस्टर उगं घाबरवतीय, सवयच हाय तिला. जा माघारी.' एका दमात बोलली, सिस्टर! कुठं थांबली न्हाई! मागं मशीनचा आवाज पण येत हुता. मला वाटलं अल्लानं ऐकलं, अम्मीचा दम गेला. मी हसत हसत माघारी फिरले..."

मी तिला पुढच्या खोलीत नेलं. ताडपत्री तशीच होती, वर धूळ. तिनं ती उचलली, बिनपट्ट्याचं मशीन बघितलं आणि स्वतःचा मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यावर चाचीच्या नंबरवरून दुपारी आलेला कॉल होता. चाचीच्या मोबाईलवर फक्त माझा सकाळचा. आणि 'शबे' तिला चाचीशिवाय कुणी म्हणत नव्हतं.

सलीम म्हणतो, "अम्मीला तिच्या छातीची काळजी, तिचाच जीव बोलला आसंल." असेल बाबा. पण मग माझ्यासमोर दाराकडं डोळे लावून पडलेली ती कोण? जिला लेक हवी होती, तिच्याच आवाजानं लेकीला माघारी पाठवावं? मी खूप डोकं चालवलं. नेटवर्क म्हणून बघितलं, शबानाला भास झाला म्हणूनही बघितलं. कशातच बसत नाही. इतके दिवस मी तिला न थांबता एक वाक्य बोलायला शिकवत होते... आणि ती बोलली ते हे!

शबाना अजून फोन करते. दरवेळी एकच विचारते, "सिस्टर, खरं सांगा, अम्मी माझी वाट बघत हुती का वं?"

मी सांगते, "नाही गं. झोपेतच गेल्या त्या."

इथं खरं लिहिलंय. शबानानं हे कधी वाचू नये.