एनेलेस म्वालेची पदवी

एनेलेस म्वाले पदार्थविज्ञानाच्या पदवीला बसली तेव्हा तिची थोरली मुलगी माध्यमिक शाळेत जायला लागली होती. देशाच्या दक्षिणेला, फालोम्बेच्या माध्यमिक शाळेत एनेलेस कितीतरी वर्षं विज्ञान शिकवत होती, तेही प्राथमिक शिक्षिकेच्या प्रमाणपत्रावर. त्या बाजूला विज्ञान शिकवायला दुसरं कोणी येतच नसे. मग वरून हुकूम आला, की पदवी नसेल तर माध्यमिकच्या वर्गावर उभं राहता येणार नाही. बाकीच्या शिक्षकांनी इतिहास-भूगोल धरला. हिनं पदार्थविज्ञान.

नवरा वायसन मुलांजेला चहाच्या कारखान्यात पानं वाळवायच्या खात्यात होता.

"विजेचा अभ्यास करून आपल्या घरात वीज टिकणार आहे का?" त्यानं विचारलं.

"टिकणार नाही. पण का गेली ते तरी कळेल."

"ते मला आत्ताच ठाऊक आहे. गेली म्हणून गेली." एवढं बोलून त्यानं तिची गादी मिनीबसच्या टपावर बांधून दिली.

झोम्बाच्या विद्यापीठात वर्गातली सगळी पोरं तिच्या निम्म्या वयाची. ती तिला 'आमायी' म्हणत, कुठल्याही पोक्त बाईला आई म्हणावं तशी. जूनमध्ये, तिकडच्या हिवाळ्यात, चिपेरोनी वाऱ्याची बारीक, गार झड सुरू झाली की वसतिगृहातल्या मुली ब्लँकेटं गुंडाळून तिच्या शेगडीशी जमत. ती मक्याचं पीठ घोटून सगळ्यांना पुरेल एवढी घट्ट न्सिमा रांधायची, मुली तिला कॅल्क्युलस शिकवायच्या. तावोंगा नावाची उत्तरेकडची एक पोरगी जिभेनं फार तिखट होती.

"आमायी, घोटायची ती न्सिमा. समीकरण नाही," ती म्हणायची. "आधी बघा तरी, ते म्हणतंय काय!"

एनेलेस मात्र घोटायची. तिला तीच एक रीत माहीत होती.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत देखरेखीला लिंबानी काफुका आला. फालोम्बेच्या शाळेत तो तिचाच विद्यार्थी. आता तो वरची पदवी करत होता आणि खालच्या वर्गांचे प्रयोग तपासत होता. त्या दिवशीचा प्रयोग असा: सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड लोलकातून न्यायचा आणि गोल तबकडीवर फिरणाऱ्या छोट्या दुर्बिणीतून तो किती वळला ते मोजायचं. लिंबानी तिच्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ तसाच राहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "दुर्बीण जागची हललेली नाही."

एनेलेसनं पेन खाली ठेवलं.

"आणि तुम्ही पुढचा कोन लिहून मोकळ्या झालात."

"उत्तर पुस्तकात आहे, लिंबानी. कोन किती यायला हवा ते उलटं मांडून काढता येतं."

"येतं. पण ते मोजणं नव्हे, बाई."

"शाळेत तुम्हाला मी असंच शिकवलं होतं ना?"

"शाळेत आपल्याकडे दुर्बीण नव्हती. इथे आहे." तो घुटमळला. "मला शून्य द्यावं लागेल."

"मग दे की! असा उभा राहू नकोस, पोरं बघतायत."

शून्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. आजारी माणसाशी बोलावं तसा तो जपून बोलला, ते मात्र लागलं.

पुढच्या आठवड्यात तिनं प्रयोग पुन्हा केला. कोन पुस्तकाशी जुळेना. आधी तिनं दिव्याला दोष दिला, मग लोलकाला, मग स्वतःच्या चष्म्याला.

"जे दिसलं ते लिहा," लिंबानी म्हणाला. "आणि किती इकडेतिकडे होत असेल, तेही शेजारी लिहा."

उत्तराच्या शेजारी आपली शंका लिहायला जागा असते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मार्क बेताचेच पडले.

तिसऱ्या वर्षी पुंजयामिकीत, म्हणजे क्वांटमच्या पेपरात, ती नापास झाली. फेरपरीक्षेतही नापास झाली. वर्ग पुढे गेला, तावोंगाही गेली. वायसनचा फोन आला.

"पुरे झालं आता. परत ये. इथे चहाच्या मळ्याच्या बालवाडीत बाई हवीय."

"त्यांना दुसरी कोणी मिळेल," ती म्हणाली आणि ते वर्ष तिनं पुन्हा केलं. नव्या वर्गातली पोरंही दोन दिवसांत आमायी म्हणायला लागली. या खेपेला पुंजयामिकीत ती काठावर पास झाली. पेपर संपल्यावर आपल्याला विषय कळला असं काही तिला वाटलं नाही. कुठे कळत नाही, ते मात्र आता बोट ठेवून दाखवता आलं असतं.

पदवी मिळाली ती सगळ्यात खालच्या श्रेणीतली. सरकारनं बदली केली ती पार उत्तरेला, न्खाटा बेला, सरोवराकाठच्या मुलींच्या शाळेत. वर्षभर दोघांनी दोन घरं चालवली, मग वायसन नोकरी सोडून आला. सरोवर त्याला आजवर आवडलेलं नाही. होडीत तो बसत नाही, काठावर वाळत घातलेल्या उसिपा माशांच्या वासाबद्दल रोज कुरकुरतो आणि शेजाऱ्यांच्या बकऱ्यांबरोबर आपल्याही दोन चारायला नेतो. थोरल्या मुलीनं कॉलेजला हिशेबशास्त्र घेतलं. पदार्थविज्ञानाचं नावही तिनं काढलं नाही, आणि एनेलेसनंही तो विषय काढला नाही.