बाहेर बसवलेले मासे

तेव्हा त्या घरात आम्ही पाच जण होतो. साहेब, बाईसाहेब, स्वैपाकाच्या काकू, मी, आणि काचेच्या पेटीतला एक म्हातारा लाल मासा. त्याला मी माणसातच धरते, कारण घरातलं प्रत्येक जण त्याच्याशी बोलायचं. पाण्याची कावड घालणारा यायचा, पण तो ओट्यावरूनच परत जायचा. एवढंच. आता त्यातली मी एकटी राहिले.

हे मी सांगते आहे आणि नात, म्हणजे माझ्या भावाची नात, लिहून राहिली आहे. तिची शाळा हिंदी, म्हणून मधेच विचारते, आजी हे कसं लिहायचं. मी काय सांगणार, मला सहीपुरतं येतं. तिनं इथं देवासलाच घरात खाऱ्या पाण्याची पेटी मांडली आहे. समुद्रातले मासे, नारंगी, अंगावर पांढरे पट्टे. क्लाऊनफिश म्हणतात. परवा दोन नवे आणले, ते पेटीत सोडलेच नाहीत. अलग डब्यात ठेवले, महिनाभर ठेवणार म्हणते. मी विचारलं, जाळी कशाची आहे? ती म्हणाली, नायलॉनची, आणि दोन आहेत, एक ह्यांची, एक त्यांची. मी म्हणलं, दोन आहेत ना, मग बरं. तर ती म्हणाली, आजी, तुम्हाला हे कसं माहीत? मग हे निघालं.

आमचे हे दरबारच्या पागेत होते. संस्थान गेलं, घोडे विकले, तसे हे धामनोदला ट्रकवर गेले आणि तिकडचेच झाले. मागे मी, सासू आणि माझी पोर. टेकडीच्या खालच्या गल्लीत आमची एक खोली. मी साहेबांच्या घरी वरकामाला लागले. साहेब दरबारात बागखात्यावर होते. राज्य गेल्यावर घरीच असायचे. बागेच्या बंगल्यातली काचेची पेटी त्यांनी घरी आणली होती, बैठकीत खिडकीजवळ ठेवली होती. तिच्यात दोन लाल मासे. त्यांना खाणं घालायचं काम त्यांच्या मुलीचं. एकच मुलगी, सात वर्षांची.

त्या मुलीला देवी आल्या. मला लहानपणी येऊन गेल्या होत्या, तोंडावर खुणा आहेत, म्हणून मागच्या खोलीत मलाच तिच्याजवळ बसवलं. दाराला कडुलिंब. ताट काकू उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. मी घरी गेले नाही. माझी पोर सासूजवळ होती, ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची असं कावडवाला सांगायचा. अकराव्या दिवशी ती मुलगी गेली. सकाळची वेळ होती. तिनं मला पाणी मागितलं आणि मी वळून पाहते तोवर संपलं.

नंतरचे बारा दिवसही मी तिथंच राहिले. अंगावरची लुगडी जाळली. राखेनं, कडुलिंबाच्या पाण्यानं न्हायले, कोरं लुगडं नेसले आणि मग घरी गेले. पंधरा दिवस नाही झाले तर माझ्या पोरीला ताप भरला. ती चार वर्षांची होती. देवी टोचणारा आमच्या गल्लीत त्या साली आलाच नव्हता. नवव्या दिवशी तीही गेली.

सासू म्हणाली, तूच घेऊन आलीस. दुसरं काही म्हणाली नाही, पण हे रोज म्हणायची. भाकरी वाढताना म्हणायची, दार लावताना म्हणायची. मी उलटून बोलले नाही. मी आपली मनात सगळं पुन्हापुन्हा करून बघायची. लुगडं जाळलं. न्हायले. नखं काढली. केस धुतले. कुठं राहिलं? कुठून आत आलं? एक वर्षभर मी दुसऱ्याच्या लेकराला हात लावला नाही. रस्त्यात एखादं अंगावर धावत आलं तर मी भिंतीला चिकटायची. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की ते माझ्याकडूनच आलं का.

साहेबांच्या घरी मी पुन्हा कामाला जाऊ लागले. घर गप्प झालं होतं. दिवसा चारच्या सुमाराला, जेव्हा ती मुलगी खाणं घालायची, तेव्हा दोन्ही मासे पेटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी येऊन थांबायचे. तिचा हात तिथवर पोचायचा, काचेवर बोट ठेवायची. आता तिथं कुणी नसायचं. साहेब वरून खाणं टाकायचे, ते तरंगत राहायचं, आणि मासे खाली कोपऱ्यात तोंड काचेला लावून तोंड उघडायचे, मिटायचे. बाईसाहेब समोर पाटावर बसून बघायच्या. मला म्हणाल्या, "त्यांना दिसतंय. आपल्याला दिसत नाही एवढंच."

मलाही तिथून केर काढताना अंग चोरून जावं लागायचं, मधे कुणी उभं असल्यासारखं.

वर्षानं त्यातला एक मासा मेला. उरलेला तळाशी पडून राहू लागला, फक्त चारला उठायचा. साहेबांना वाटलं एकटा आहे म्हणून झुरतो. त्यांनी मुंबईहून ओळखीच्या माणसाकडून चार नवे मागवले. इंदुरपर्यंत रेल्वेनं, पुढं मोटारीनं. पत्र्याचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं, आत पाण्याचा आंबूस वास आणि चार मासे, लाल, पांढरे डाग असलेले, श्वास घ्यायला वर आलेले.

मला वाटलं आता पेटीत सोडतील. साहेब म्हणाले, "नाही. आधी एकवीस दिवस बाहेर."

पडवीत मातीचा मोठा रांजण होता. त्यात विहिरीचं पाणी दोन दिवस आधीच भरून ठेवलं होतं. साहेबांनी डबा तसाच रांजणात तरंगत ठेवला, दोन्ही पाणी सारखं गार होईपर्यंत. मग मला खाली बसवलं. थोड्या थोड्या वेळानं रांजणातलं अर्धा लोटा पाणी डब्यात घालायचं. एकदम नाही. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी जाळीनं एकेक मासा उचलून रांजणात सोडला आणि डब्यातलं पाणी लांब कडुलिंबाच्या मुळाशी ओतलं. त्यातला थेंब रांजणात पडू दिला नाही.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्यात बायकांना चार दिवस बाहेर बसवतात. ह्यांना एकवीस. काय केलं हो साहेब ह्यांनी?"

साहेब म्हणाले, "काही केलं नाही काकू. अंगात रोग असला तर आज दिसत नाही, आठ-दहा दिवसांनी दिसतो. तोवर म्हाताऱ्याजवळ नेला तर तो मरेल."

"दिसत नाही तो रोग कसला. भूत म्हणा की."

"बरं, भूत म्हणा. पण पडवीत राहू द्या त्याला."

काकू हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

साहेबांनी माझ्यासाठी दोन लोटे, दोन जाळ्या केल्या. तारेच्या कड्याला मलमल शिवलेली. आधी पेटीतली घाण काढायची, मग रांजणातली, मग हात राखेनं. इकडची जाळी तिकडं नाही. मी म्हणलं, जी. मला हे कुणी शिकवायला नको होतं. मी वर्षभर दुसरं काय करत होते?

पाच दिवसांनी साहेब धारला गेले, बहिणीकडं लग्न होतं. आठ दिवस म्हणाले. बाईसाहेब लग्नाकार्याला जात नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी मांजरानं रांजणाची जाळी ओढून फाडली. मी बाईसाहेबांना सांगितलं. त्यांनी ट्रंकेतून साहेबांचा पूजेचा जुना मुकटा काढला. रेशमी, विरलेला. त्यातला तुकडा फाडून दिला आणि म्हणाल्या, "ह्याची कर. आणि म्हाताऱ्यालाही हीच वापर. मलमलीनं त्याचं अंग खरचटतं."

मी म्हणलं, "दोन तुकडे द्या ना. साहेब अलग म्हणाले होते."

"ते सुती कपड्याचं. हा मुकटा आहे. रेशमाला विटाळ नसतो."

आता हे आजच्या पोरींना कळणार नाही म्हणून सांगते. त्या घरात सोवळं कडक. धुतलेलं सुती धोतर कुणाला शिवलं की पुन्हा पाण्यात. पण रेशीम शिवलं, ठेवलं, महिनाभर ट्रंकेत राहिलं, तरी सोवळंच. मुकटा नेसून साहेब पूजा करायचे आणि तो कधी धुतलेला मी पाहिला नाही. मी तीन वर्षं हेच बघत होते. मला ते खरंच वाटलं. बाईसाहेबांनाही खरंच वाटलं. मी रेशमाची एकच जाळी केली. आधी रांजणात, मग पेटीत, मग पुन्हा रांजणात. लोटे मात्र अलग ठेवले, हात राखेनं धुतले. अगदी नेमानं.

चार-पाच दिवसांनी रांजणातल्या एका माशाच्या शेपटीवर दोन पांढरे कण दिसले. मला वाटलं त्याचे डागच आहेत. मग म्हातारा काचेला अंग घासू लागला. चारला कोपऱ्यात आला नाही. बाईसाहेब पाटावर बसून राहिल्या, काळोख पडला तरी.

साहेब आले ते बूट न काढता आधी पेटीशी गेले. खाली वाकले. म्हाताऱ्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे कण होते, कल्ल्यावर, पाठीवर, डोळ्याच्या कडेला. पडवीत जाऊन रांजण बघून आले. मग मला हाक मारली. बाईसाहेब दाराला टेकून उभ्या होत्या.

"जाळी कोणती वापरलीस?"

मी पदर खोचला.

"रागावत नाही मी. पण हा पेटीत आपोआप आलेला नाही. रोग पाण्यातून येतो, हातातून येतो, कपड्यात लपून येतो. कपडा कसलाही असो, त्याला काय. आपल्या घरात हे सांगायला लागावं का?"

तो शब्द त्यांनी म्हणला आणि मला कळलं. कपडा कसलाही असो. ज्या दिवशी बारा दिवस करून मी त्या घरातून निघाले, त्या दिवशी बाईसाहेबांनी मला मुलीचा रेशमी परकर दिला होता. आजारात तिनं तो उशाशी घेतला होता, सोडायची नाही. बाकी सगळं जाळलं, तेवढा बाईसाहेबांनी ठेवला. म्हणाल्या, तुझ्या पोरीला घाल, कुणीतरी घालू दे. रेशीम आहे, धुवू नकोस, रंग जाईल. मी नेला. पोरीनं तो त्याच संध्याकाळी घातला आणि गल्लीभर दाखवून आली. झोपतानाही काढला नाही.

साहेब उत्तराची वाट बघत होते. रेशमाचं नाव घेतलं असतं तर मला जे कळलं ते बाईसाहेबांनाही त्याच घटकेला कळलं असतं. त्यांच्याकडं काय उरलं होतं? एक मासा, तोही असा.

मी म्हणलं, "साहेब, मांजरानं जाळी फाडली. मी पदरानंच काढत होते. दोन्हीकडं."

"पदरानं?"

"जी. आळस केला."

साहेब पुन्हा पेटीशी वाकले. मागं उभ्या असलेल्या काकू आत गेल्या. थोड्या वेळानं घरात केस जळल्यासारखा वास सुटला. रेशमाची जाळी खुंटीवर नव्हती. साहेबांनी विचारलं, कसला वास? काकू म्हणाल्या, "दूध उतू गेलं." दूध उतू गेल्याचा वास तसा नसतो हे साहेबांना कळत नसेल असं नाही.

साहेबांनी पाण्यात खडेमीठ घातलं, पेटी उन्हात सरकवली, दिवसातून दोनदा पाणी बदललं. मला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी म्हातारा वर तरंगत होता. रांजणातले चारही मिठानं वाचले. दिवस पुरे झाल्यावर ते पेटीत गेले. ते सगळीकडं फिरायचे. त्या कोपऱ्यात त्यांना काही नव्हतं. पण मला अजून तिथून अंग चोरूनच जावं लागायचं, आणि बाईसाहेबांची नजर चारला तिथंच जायची, मासा असो नसो.

एकदा मी मागं भांडी घासत होते. बाईसाहेब येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पदरानं काढत नव्हतीस तू."

मी राख घासत राहिले.

"तो परकर," त्या म्हणाल्या. "तू पोरीला घालायच्या आधी धुतला होतास ना?"

मी वर पाहिलं नाही. म्हणलं, "धुतला की. उकळत्या पाण्यात, तीनदा. रंग गेला सगळा."

"मी धुवू नकोस म्हणाले होते."

"तुम्ही म्हणाला होता. मी ऐकलं नाही."

त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. पुढं बारा-तेरा वर्षं मी त्या घरी होते. सासू मरेपर्यंत म्हणत होती, तूच आणलंस. मी तिलाही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती साहेबांच्या दारात जाऊन ओरडली असती.

परकर मी धुतला नव्हता. हे मी पहिल्यांदा सांगते आहे, आणि नात लिहिता लिहिता थांबली आहे. लिही म्हणलं.

बाईसाहेबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आता त्यांना हे लागणार नाही. त्यांनी मला लोभानं दिला, मी लोभानं नेला. आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्यांचे भाचे-पुतणे धारला, इंदुरला असतील. त्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर माझं एवढंच मागणं आहे, बाईसाहेबांना बोल लावू नका.