अमेरिकेचा हूड, सावलीचं ऊन

चहा ठेवलाय ना? मग ऐका. पण एक अट आहे, हा किस्सा आमच्या घरी काढायचा नाही. शोभा, म्हणजे आमची मंडळी, तो आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या ग्लासाबरोबरच देते. निदान आज तरी तो माझ्या तोंडून जाऊ द्या.

मी नोकरी काढली चंद्रपूरच्या ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये. सगळी उमर पुर्जे देण्यात गेली. खिडकीवर आलेल्या माणसाला मी एकच मंत्र द्यायचो, "नाव बरोबर सांग, पुर्जा बरोबर भेटते." कोणी नाव चुकवलं की मी त्याला परत पाठवायचो, जा, विचारून ये. थोडक्यात, पुर्ज्यांच्या इंग्रजी नावांचा मला भारी माज होता. तो कसा उतरला तेच सांगतोय.

माझ्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी आहे. लाल, लांबच लांब आणि वरून उघडी. आलापल्लीकडच्या एका लाकडाच्या ठेकेदारानं कोणे एके काळी हौसेनं आणली होती. हौस फिटली आणि गाडी त्याच्या लाकूड कापायच्या आरामशिनीच्या शेडमध्ये भुशाखाली गेली. मी ती उकरून, ट्रकवर घालून घरी आणली. शोभानं अंगणात येऊन एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "वैनगंगेतला डोंगा काऊन उचलून आणला?"

झालं! तेव्हापासून अख्ख्या मोहल्ल्यात गाडीचं नाव डोंगा.

या डोंग्याला रस्त्यावर आणायला मी काय काय नाही केलं! कार्बोरेटर जीपचा बसवला. रेडिएटरचा पंखा ट्रॅक्टरचा. मागचे दिवे नागपूरच्या भंगार बाजारातून, दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांचे, त्यामुळे एक जरा जास्तच लाल दिसतो. वायपरला शोभाच्या शिलाई मशीनची मोटर लावली. हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं, तोवर मशीनमध्ये काय बिघडलं म्हणून ती कारागिराच्या चकरा मारत होती. असो, तो किस्सा वेगळा.

सगळं जमलं, एक सोडून. हूड! आता हूड म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. जीपला असतो, रिक्षाला असतो, डोक्यावरचं ते ताडपत्रीचं छप्पर. समोर असतं ते बोनट, मागं असते ती डिक्की, आणि डोक्यावर असतो तो हूड. शेंबडं पोरगंही सांगेल. आमच्या डोंग्याचा हूड उंदरांनी कधीच खाल्ला होता आणि त्याचे दांडे ठेकेदाराच्या म्हशीच्या गोठ्याला लागले होते.

इतके दिवस काही अडलं नव्हतं. पण मयुरीचं, आमच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न ठरलं. सासर गडचिरोली, महिना मे. ही पोरगी लहानपणापासून त्या गाडीत बसून तोंडानं भुर्रर्र करत मोठी झालेली. तिनं दागिना मागितला नाही, शालू मागितला नाही. म्हणाली, "बाबा, माही बिदाई डोंग्यातूनच पाह्यजे."

माझी छाती अशी फुगली! शोभानं लगेच टाचणी लावली. "मे महिन्यात? बिनछपराच्या गाडीत? पोरीले सासरी पोचवता का भाजून नेता?"

बरोबरच होतं तिचं. चंद्रपूरचा मे म्हणजे छतावरच्या टाकीतलं पाणी चहाला चालतं. तिनं सरळ निकाल दिला, "गाडीले छप्पर आलं तं डोंगा, नाई तं एसीवाली भाड्याची."

मी म्हटलं, "छप्पर येईन. अन् साधंसुधं नाई, असली येईन!"

जीपचे हूड शिवणारा एक जण गावात आहे. तो घरी येऊन म्हणाला, "भाऊ, माप द्या, शिवून देतो." मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. अमेरिकन गाडीला काय ताडपत्री शिवायची? तिला हूड अमेरिकेचाच पाहिजे! आणि अमेरिकेत आपला माणूस होताच. प्रफुल, माझ्या मोठ्या बहिणीचा, सुमनबाईचा मुलगा. कॉम्प्युटरवाला. गाड्यांमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण मला तरी कुठं त्याच्याकडून अक्कल पाहिजे होती? त्याला गाडीचं मॉडेल कळवलं आणि म्हटलं, हूड शोध.

एके दिवशी त्याचा दुकानातूनच फोन आला. "मामाजी, हूड हाय इथी. दुकानदार विचारते, नवा पाह्यजे का जुना?"

"नवाच! जुना उंदरानं कुरतडलेला निंघाला तं?"

त्यानं दुकानदाराला विचारलं. "उंदराचं माहीत नाई, पण जुने गंजलेले राह्यतात म्हंते."

"गंज दांड्याले लागते. नवाच घे. अन् रंग पांढरा."

"गाडी तं लाल हाय ना?"

"गाडी लाल, हूड पांढरा. लोकं पाहात राह्यले पाह्यजे!"

"त्याच्यावर चांदीसारखा चमकता पक्षी लावून भेटते म्हंते. लावाचा का?"

छपरावर पक्षी? अमेरिकन लोकांची एकेक तऱ्हा! मी म्हटलं, "नोको. इथी कावळे फुकट येऊन बसतात."

"बरं. अन् तो विचारते, हूडखाली जागा केवढी हाय?"

"सांग त्याले, चार माणसं आरामशीर बसतात."

प्रफुल खो खो हसला. त्यानं ते इंग्रजीत सांगितलं, तसा दुकानदारही हसला. "मामाजी, तो म्हंते जुन्या गाड्या अशाच राह्यत, दांडग्या! पण एक ध्यानात ठेवजा, गाडी चालवाच्या आधी हूड पक्का लॉक करजा. चालता चालता उघडला तं समोरचं काईच दिसत नाई."

मला वाटलं, पोराला तिकडची थंडी बाधली. "काऊन नाई दिसत बे? हूड उघडला की तं उलट चांगलं दिसते! मी तं वरातीत उघडूनच चालवीन!"

"मामाजी, तब्येत बरी हाय ना?"

"एक नंबर! तू पाठव."

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा पेटी आली. ही एवढी मोठी, चपटी, लाकडी पेटी! अंगणात मांडव घालणं चाललं होतं, पाहुणे जमले होते. सगळ्यांसमोर मी कटावणी घेतली. शोभा म्हणाली, "कापडाच्या हूडले एवढी पेटी?"

"अमेरिकेत पॅकिंग असंच राह्यते. आत घडी करून असन."

फळी निघाली, कागद निघाला, थर्माकोल निघालं. आत एक पांढराशुभ्र, गुळगुळीत, चकचकीत पत्रा! मी तो उचलला, खाली पाहिलं, पेटी उलटी करून झटकली. कापड कुठंच नाही. मांडववालेही हातातली दोरी सोडून पाहायला आले.

शोभा म्हणाली, "अहो, हे तं बोनट हाय."

तिथल्या तिथं अमेरिकेला फोन लावला. तिकडे रात्र होती, पण मला कुठली शुद्ध!

"काऊन रे, हूड सांगतला अन् बोनट पाठवलं?"

"मामाजी, बोनटलेच तं इथी हूड म्हंतात!"

"अन् हूडले?"

"हूडले टॉप."

"मंग बोनट मागवलं असतं तं काय आलं असतं?"

"बोनट म्हंजे इथी लहान लेकराची टोपी. हनवटीखाली बांधतात ना, ते."

फोन स्पीकरवर होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं. शोभा म्हणाली, "मंग तेच मागवाचं होतं. तशीबी तुमाले टोपी बसलीच!"

म्हणजे पाहा, नाव बरोबर होतं, पुर्जा बरोबर होता, आणि माझ्या डोक्यावर छप्पर नव्हतं. हूड शिवणाऱ्याकडे धावलो, तर तो त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला सिरोंच्याला गेलेला. शोभा भाड्याच्या गाडीला फोन लावायला निघाली. मयुरी नुसती डोंग्याच्या दारावर हात फिरवत उभी राहिली. मला फार वाईट वाटलं हो.

शेवटी मांडववालाच बोलला, "भाऊ, मांडव दारात घालता येते तं गाडीवर काऊन नाई येणार?" त्यानं चार बांबू बांधले आणि वर जांभळाच्या डहाळ्या टाकल्या. हिरवागार मांडव! शोभानं दोनदा त्याखाली बसून पाहिलं आणि परवानगी दिली. ते पांढरं बोनट आलंच होतं, तर तेही लावून टाकलं. जुनं सडलेलं होतं. आणि सांगतो तुम्हाला, एक बोल्ट इकडचा तिकडं झाला नाही!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत बिदाई केली. वऱ्हाडाची बस पुढं गेली. डोंग्यात मी चालवायला, मागं नवरा-नवरी, जावयाची लहान बहीण आणि पाठराखीण म्हणून सुमनबाई. गाव संपेपर्यंत राजेशाही थाट! मग जंगलातला सरळ रस्ता लागला आणि मी जरा जोर केला. मूल गाव येईपर्यंत एक पान शिल्लक नव्हतं. सुमनबाईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, ते बांबू आधी सोड. लग्नाच्या गाडीवर भलतंच काई दिसून राह्यलं." तिरडीचं नाव कोणी काढलं नाही, बांबू तिथंच सोडून दिले.

आणि पुढं सावली गावाच्या अलीकडे रेडिएटर उकळला. ट्रॅक्टरच्या पंख्यानं दगा दिला! गाव सावली, पण रस्त्यावर सावलीचा पत्ता नाही. पुढं गेलेल्या व्याह्यांना फोन लावला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"इवाई, गाडी थांबली. आमी सावलीत हाओत."

"वा! बसा आरामानं, घाई करू नोका."

"अहो, सावलीत म्हंजे सावलीत नाई! सावलीत उन्हात हाओत!"

"उन्हात असान तं सावलीत जा ना!" आणि फोन ठेवला.

जावई म्हणाले, "एखादी जीप थांबवू का?" मयुरी म्हणाली, "मी डोंग्यातूनच जाईन. उतरणार नाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हानं नाही. मी कॅन घेतला, दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळला, हनवटीखाली गाठ मारली आणि रेडिएटर पाहायला बोनट उघडलं.

ते अमेरिकन बोनट हो! काचेपुढं हे असं दरवाजासारखं उभं राहिलं. गाडीचं तोंड गडचिरोलीकडे, म्हणजे उगवतीला, ऊन समोरून. अख्ख्या पुढच्या सीटवर गारेगार सावली पडली!

"बाबा, हूड उघडाच राहू द्या!" मयुरी ओरडली. चौघंही उड्या मारून पुढच्या लांब सीटवर दाटीवाटीनं बसली. सुमनबाईनं डब्यातले बुंदीचे लाडू काढले. नव्या सुनेची वाट पाहणारं अख्खं गडचिरोली एकीकडे आणि यांचा लाडूंचा कार्यक्रम एकीकडे! जावयाच्या बहिणीनं उतरून फोटो काढला, पुन्हा जाऊन बसली, आणि सुमनबाईनं 'हूडच्या सावलीत आमी चौघं' असं लिहून तो आपल्या लेकाला पाठवला.

मी उन्हात उभा राहून पाणी ओतत होतो, तेवढ्यात प्रफुलचा फोन आला. सुमनबाईनं स्पीकर लावला.

"मामाजी, माफ करजा! मी तवा हसलो होतो. पण हूडखाली खरंच चार माणसं बसतात! अन् उघडला की चांगलं बी दिसते!"

मी जरा सावरलो. म्हटलं, चला, इज्जत वाचली.

"पण फोटोत बाजूले कॅन घेऊन उभा हाय, तो मेकॅनिक कोन?"

"मेकॅनिक कायचा बे," सुमनबाई लाडू खाता खाता म्हणाली, "मामा हाय तुहा. हूड त्यानंच मागवला ना, म्हणून त्याले जागा नाई भेटली."

प्रफुलनं बहुतेक फोटो मोठा करून पाहिला.

"मामाजी," तो म्हणाला, "तुमी त्या दिवशी विचारत होते ना? आता डोक्याले हात लावून पाहा. याले म्हंतात बोनट!"