धरलेली सतार

आमचे ड्रॉइंगमास्तर माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या हातांकडे पाहत. रत्नागिरीतील कितीतरी वकिलांची तैलचित्रे त्यांनी काढली. चेहरा एका बैठकीत उतरे. हातांपाशी मात्र ते दिवसचे दिवस अडून बसत.

कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना अठराव्या शतकातील विलायती व्यक्तिचित्रांच्या छापील प्रती मिळाल्या होत्या. रेशमी झग्यातल्या बायकांच्या मांडीवर गिटार, नाही तर शेजारी हार्प नावाचे उंच तंतुवाद्य. बासरी मात्र पुरुषांच्याच हाती. "बाईने फुंकर घातली की तोंड वाकडे दिसते, म्हणून दिली नाही हो," मास्तर सांगत. मग एकेकीच्या बोटांवरून काडी फिरवीत निकाल देत, "ही वाजवत्ये. ही नुसती धरून बसल्ये."

एकोणीसशे तिसाच्या आसपास माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मुंबईचे स्थळ सांगून आले. आधीची स्थळे परतली होती. हे तरी हातचे जाऊ नये म्हणून वडिलांनी मास्तरांकडून तिचे चित्र काढवून घेतले. अक्का बासरी वाजवी, आणि फार सुरेख वाजवी. तीच तिच्या हाती द्यावी, असे मास्तरांचे म्हणणे पडले.

"भलतेच! तोंड वाकडे दिसेल पोरीचे," वडील म्हणाले.

"तुम्ही नि ते विलायती चित्रकार एकाच शाळेतले की हो, अण्णा!" मास्तर म्हणाले.

अखेर शेजारून सतार आणली. अक्का ती धरून बसली.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांना चित्र पसंत पडले. "आता जरा सतार ऐकू द्या," ते कौतुकाने म्हणाले. आमच्या वडिलांचा चेहरा उतरला. अक्काला सतार कुठे येत होती! तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तर बोलले, "सतार मी धरायला दिली होती. ती वाजवत्ये दुसरेच. जा गो बाय, आण तुझी बासरी."

अक्काने आणली आणि वाजवली. पाहुण्यांनी शांतपणे ऐकले, चहा घेतला आणि कळवतो म्हणून गेले. त्यांनी कधीच कळवले नाही.

"तुमच्यामुळे स्थळ गेले," वडील म्हणाले.

"माझ्यामुळे नव्हे, सतारीमुळे," एवढेच बोलून मास्तर चित्र काखेत मारून निघून गेले.

पुढे लांज्याच्या एका शिक्षकांशी अक्काचे लग्न ठरले. ती सासरी निघायच्या सकाळी मास्तर चित्र घेऊन दारात उभे. सतार खरवडून काढलेली. अक्काच्या ओठांशी बासरी.

"तोंड वाकडे काढलेत की हो माझे!" अक्का म्हणाली.

"वाजवताना होतेच गो तसे."

मास्तर जाऊन आता बरीच वर्षे झाली. चित्र लांज्याला अक्काच्या माजघरात आहे. मी तिथे गेलो की त्याच्यापुढे उभा राहतो आणि माझे हात नकळत पाठीमागे जातात. पन्नाशी उलटली, या हातांनी काय वाजवले आणि काय नुसते धरून ठेवले, ते मास्तरांना एका नजरेत कळले असते.