शेवंतीकाकींच्या खुंटीवरची चावी

गेल्या रविवारी सकाळी केरीला गेलो होतो. समुद्रावर नाही... त्याच्या अलीकडे, वडाखाली गावच्या राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं ठिकाण आहे, तिथे.

सोबत हॅना आणि पीटर. मूळचे हॉलंडचे, दोघांचीही साठी उलटलेली, आणि गेली अकरा वर्षं केरीत भाड्याच्या घरात राहतात. मी गडहिंग्लजकडचा. नोकरीसाठी डिचोलीच्या कारखान्यात आलो आणि साखळीत बिऱ्हाड थाटलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.

आमची ओळख झाली सर्वणच्या शेतात. भर उन्हात स्कूटर लावून दोघं बांधावर बसली होती. मला वाटलं रस्ता चुकलीत, म्हणून थांबलो, तर म्हणे भाताला लोंब्या आल्यात त्या बघायला आलोय... मी त्या रस्त्याने रोज ड्युटीला जात होतो. भात कधी पेरतात आणि कधी कापतात, माझं लक्षही नव्हतं.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार आमचा ठरलेला. तेरेखोलची फेरी, आडगावातली देवळं, कुठल्या जत्रेतली खाजी, सगळं त्यांनी मला दाखवलं. बायको चेष्टा करते, गोव्यात राहून गोवा बघायला याला हॉलंडहून माणसं मागवावी लागली. खरं आहे, काय बोलणार... मला कारखाना, घर आणि सुट्टी लागली की गावाकडची एसटी, एवढाच गोवा माहीत होता.

यंदा मात्र स्कूटर अंगणातच उभी आहे. हॅनाला चार पावलं चाललं की धाप लागते. हृदयाची झडप बदलायचीय, आणि ऑपरेशन तिकडे, लेकीच्या गावी. या वयात धोका आहे, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. गुरुवारचं विमान होतं.

हॅना रडणाऱ्यातली बाई नाही. पण मला फोनवर म्हणाली, "मला परत इथंच यायचंय," आणि फोन पीटरच्या हातात दिला.

उपाय सुचवला त्यांच्या शेजारणीने, शेवंतीकाकींनी. जाण्याआधी राखणदाराला गाऱ्हाणं घालूया म्हणाल्या. गाऱ्हाणं म्हणजे गावातला जाणता माणूस नारळ ठेवून आपलं मागणं देवाला मोठ्याने सांगतो, आणि जमलेले सगळे त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात.

गाऱ्हाणं घालायला बाबलआबा आले होते. ऐंशीच्या घरातले, कानाने थोडे कमी, पण आवाज अजून खणखणीत. त्यांनी नारळ मांडला, बिडीचं बंडल ठेवलं, हात जोडले आणि मला विचारलं की बाई खंयची?

मी शहाणा. पटकन म्हणालो, हॉलंडची.

आबांनी जोडलेले हात खाली घेतले.

म्हणाले, राखणदार गावच्या शिवेतल्या माणसांचा. गावचं माणूस जगात कुठेही गेलं तरी तो त्याच्या पाठीशी राहतो, पण परक्या मुलखातल्या माणसाचं गाऱ्हाणं त्याला कसं घालू? त्यात राग नव्हता. रीत सांगत होते. पण हॅनाला कोकणी बऱ्यापैकी समजते... तिचा चेहरा जो उतरला तो बघवेना. मला तर स्वतःच्या जिभेचा इतका राग आला! घाईघाईने सांगायला लागलो, अकरा वर्षं इथे राहतात, भाडं वेळेवर देतात, आधारकार्ड... काय वाट्टेल ते बोललो.

आबांनी मला हातानेच गप्प केलं आणि थेट हॅनाला विचारलं, "बाये, घराक कुलूप घालून तू भायर वतय, तेन्ना चावी कोणाकडे ठेयतय?"

हॅनाने शेवंतीकाकींकडे बोट दाखवलं.

काकी म्हणाल्या, "माझ्याच खुंटयेर आसता. माझी तिच्याकडे."

"मगे ही गावचीच," आबा म्हणाले, आणि पुन्हा हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी केरी गावची लेक आज भायर वता. तिका संबाळ. आणि जशी वता तशी तिका परत तिच्या घराक घेवन ये रे म्हाराजा..."

'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं असेल? पीटर. तोही अर्धा सेकंद आधीच, म्हणजे आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. काकी हसल्या, हॅना हसली, आणि हसता हसता रडली. मीही रडलो, लपवत नाही.

परत येताना गाडी चालवत होतो आणि खिशातली घराची चावी मांडीला टोचत होती. एकोणीस वर्षं ती माझ्याच खिशात आहे. दिवाळीला, मे महिन्यात घर बंद करून गावी जातो तेव्हाही बरोबर नेतो. शेजारच्या वहिनी चतुर्थीला नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं ताट पाठवतात, पोरगा तापला तेव्हा रिक्षा त्यांनीच आणली होती... पण चावी द्यावी असं कधी मनातच आलं नाही. कारण कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, मी गडहिंग्लजचा.

काल गावी निघताना वहिनींच्या दारात गेलो आणि चावी पुढे केली. त्यांनी ती घेतली. स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा होता, त्याला अडकवली आणि म्हणाल्या, झाडांक उदक घालीन.

हॅनाचं ऑपरेशन उद्या आहे. तिची चावी केरीत शेवंतीकाकींच्या खुंटीवर आहे.

एवढं वाचलंत, तर आता माझ्यासाठी एक करा... मनातल्या मनात का होईना, एकदा 'व्हय म्हाराजा' म्हणा.