बसलेली माय

प्रदर्शनाच्या दालनात 'कृपया हात लावू नये' अशी पाटी दिसली की मॅडम ती उचलायच्या, उलटी करायच्या आणि टेबलाखाली सरकवून द्यायच्या. मग जवळ उभ्या असलेल्या माणसाला म्हणायच्या, "लावा ना हात. मातीच आहे. मोडली तं मीच करीन पुन्हा."

अशा निवृत्त अधिकाऱ्यांना तुम्हीही भेटला असाल. खुर्ची सुटते, पण खुर्चीत बसायची ढब सुटत नाही. मॅडम नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वर्ध्याच्या आमच्या कला केंद्रात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा खळ दिलेली सुती साडी, खांद्याला पर्स, डोळ्यांवर जाड चष्मा असा थाट होता. आम्ही जलरंगवाल्या बायका आपोआप उठून उभ्या राहिलो. त्यांनी 'जयभीम' केला, माती कुठे आहे ते विचारलं, साडीचा पदर खोचला आणि सरळ फरशीवर मांडी घातली. पुढची काही वर्षं मी त्यांना तिथेच पाहिलं.

त्यांच्या दोन भाषा होत्या. हात कोरडे असले की त्या कचेरीतलं बोलायच्या, "सदर बाब माझ्या निदर्शनास आली नव्हती." हात मातीत गेले की वऱ्हाडी सुरू. "ताई, तुमी तेच तेच गुलाब काऊन काढून राह्यल्या? एखांदी काटेरी बोर काढा ना." माझ्या गुलाबांवर इतकं खरं मत दुसऱ्या कोणी दिलं नाही.

आमच्या केंद्राचं दर हिवाळ्यात सभासदांचं प्रदर्शन असतं. पण सगळ्यांचं सगळं लागत नाही. बाहेरगावचे तीन परीक्षक येतात, नावं झाकलेली असतात, ते निवडतील तेवढंच दालनात जातं. बाकीच्यांनी आपलं काम कापडात गुंडाळून घरी न्यायचं. त्या दिवशी केंद्रात फारसं कोणी कोणाशी बोलत नाही.

मॅडमचं काम बरेचदा परत यायचं. एकदा त्यांनी बैल केला होता. परीक्षकांनी शेरा लिहिला, 'शेळी जिवंत वाटते, परंतु शिंगे प्रमाणाबाहेर.' मॅडमनी तो शेरा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "अर्ज नामंजूर, पण कारणासह. आमच्या कार्यालयात एवढंही होत नसे." आणि बैल उचलून मागच्या अंगणातल्या माती भिजवायच्या हौदात सोडून दिला. निवडलेलं असो की नाकारलेलं, प्रदर्शन संपलं की त्यांचं काम हौदात जायचं. त्या भाजत नसत. एका सभासदाला यात अनित्यतेचा विचार दिसला आणि त्यानं तसं बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "तसं काई नाई जी. केंद्रात माती कमी आहे."

मग ते वर्ष आलं.

पावसाळा सरल्यावर त्यांनी व्हरांड्याचा एक कोपरा मागून घेतला. गोणपाटं टांगून आडोसा केला. आतला सांगाडा पऱ्हाट्यांचा बांधला, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा. रोज सकाळी गोणपाटं भिजवायच्या आणि आत शिरायच्या. आम्हाला फक्त थापट्यांचा आवाज यायचा. कधी कधी तोही नाही. काय करताय म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "पाहू. जमून राह्यलं का नाई, मलेच माहीत नाई."

निवडीच्या दिवशी ते काम उचलून दालनात नेणं शक्यच नव्हतं. त्यामुळे परीक्षकच व्हरांड्यात आले. मदतीला म्हणून मी सोबत होते. मॅडम नियमाप्रमाणे बाहेर, फाटकापाशी. मी गोणपाट बाजूला केलं.

एक बाई जमिनीवर बसली होती. खऱ्या माणसाएवढी, किडकिडीत. पाय पुढे लांब सोडलेले, एक हात मागे जमिनीवर टेकलेला आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर. कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली, पण सुटलेली, रिकामी. डोळे उघडे होते आणि ते कोणाकडेच पाहत नव्हते. ओठ जरासे विलग. दिवसभराचा श्वास आता सोडणार, असा तो चेहरा होता. मी एक पाऊल मागे सरकले. तिला वारा लागावा असं मला वाटलं. मातीच्या बाईला.

तिघांतले सर्वांत वयस्कर परीक्षक स्वतः शिल्पकार होते, नागपूरचे. ते जमिनीवर बसले, पाय लांब सोडले आणि एक हात मागे टेकला. अगदी तिच्यासारखा. बराच वेळ तसेच बसून राहिले.

दुसरे परीक्षक हळूच म्हणाले, "नियमात टिकाऊ कलाकृती म्हटलं आहे. ही कच्ची आहे. आत काड्या आहेत, भाजताही येणार नाही."

म्हातारे खालूनच म्हणाले, "प्रदर्शन संपेपर्यंत टिकेल ना? मग यादीत लिहा पहिलं."

त्या वर्षी दालनात रंगीत चित्रं होती, माझे गुलाबही होते. पण लोक व्हरांड्याकडे जायचे. तिथे पोचले की आवाज खाली यायचे. कोणी चपला काढायचं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एका दुपारी भाजी बाजारात झाडलोट करणाऱ्या बाया आल्या. कोणाकडून तरी ऐकलं होतं. पाहिलं, आणि त्या तिच्या आजूबाजूला टेकल्या. एकीनं डबा सोडला. व्यवस्थापक घाईघाईनं आले, इथे बसू नका म्हणाले. त्यातली एक शांतपणे म्हणाली, "आमी उठतो. पन तिले बसू द्या जी. थकली आहे."

आमच्या केंद्राचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी. चांगला माणूस, थोडा मोठ्यानं बोलणारा. तेही रोज यायचे आणि या व्हरांड्यात मात्र हळू बोलायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या मूर्तीचा साचा काढून ती ब्राँझमध्ये ओतू, सगळा खर्च माझा, आणि शहरातल्या एखाद्या चौकात बसवू. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या कापूस येतो. वेचणारी बाई बसलेली मी पहिल्यांदा पाहिली."

टाळ्या वाजल्या. मॅडम उठल्या, खाली बसल्या, पुन्हा उठल्या. "उद्या सांगते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांना खूप समजावलं. असं काम आयुष्यात एकदाच होतं म्हटलं. हौदात सोडलंत तर उद्या कोणाला खरंही वाटणार नाही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात कोरडे होते, तरी बोलल्या त्या वऱ्हाडीत.

"ताई, माय रोहण्याच्या शिवारात कापूस वेचे. मी तिले कधी बसलेली पाह्यली नाई. वावरात वाकलेली, घरी चुलीपुढं उकिडवी. शाळेतून आली की मी म्हनो, माय, बस ना जराशी. तं म्हने, बसली तं उठनं होनार नाई माह्यानं. मले नोकरी लागली, मी घर बांधलं, तिच्यासाठी खुर्ची घेतली. ते खुर्ची घरी आली अन् माय गेली."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"आता बसवली. महिनाभर बसली. पन चौकात बसवली तं? उन्हात, पान्यात, दिवसरात. जयंतीले हार घालतीन, भाषनं करतीन. तिले उठता येनार नाई, लवंडता येनार नाई. ते बसनं नाई राह्यलं ताई, ते काम झालं. मायले पुन्हा कामाले लावू का?"

मागे कोणीतरी उभं असल्याचं मला जाणवलं. अध्यक्ष होते. किती ऐकलं कोण जाणे. थोड्या वेळानं ते स्वतःच जाऊन व्हरांड्यातली गोणपाटं खाली उतरवायला लागले.

मॅडम आता नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी अल्पशा आजारानं गेल्या. मधल्या काळात त्यांनी दोन-तीन लहान कामं केली, त्यातलं एक नाकारलंही गेलं, आणि तो शेरा त्यांनी नेहमीसारखाच मोठ्यानं वाचला. ती बसलेली बाई ज्यांनी पाहिली ते भेटले की आम्ही तिच्याबद्दल बोलतो. मोबाइलवर फोटो आहेत काहींच्या. फोटोत ती मूर्ती दिसते. बाई दिसत नाही.

मला आठवते ती गोणपाटं उतरवली त्या दिवसाची सकाळ. मॅडमनी केंद्राच्या कार्यालयातल्या शेगडीवर पाणी तापवलं आणि बादलीत आणलं. मातीला थंड पाणीही चाललं असतं. त्यांनी आधी स्वतःचा हात बुडवून पाहिला, थोडं गार पाणी मिसळलं, आणि मायच्या पायांपाशी बसल्या. आम्ही पाच-सहा जण भिंतीला टेकून उभे होतो.

त्यांनी ओंजळीनं पाणी सोडलं आणि पाय चेपायला लागल्या. आधी पोटऱ्या, मग घोटे, मग एकेक बोट. टाचांना भेगा होत्या. त्यांनी स्वतःच काडीनं कोरलेल्या, खोल. ओल्या अंगठ्यानं त्या एकेक भेग बुजवत गेल्या. घाई केली नाही. सगळ्या भेगा मिटल्या तेव्हा त्या टाचा तान्ह्या पोराच्या टाचांसारख्या गुळगुळीत झाल्या. मॅडमनी दोन्ही टाचा जरा वेळ हातात धरल्या.

मग त्यांनी बादली उचलून पाणी ओतलं.